स्पोर्ट्स कार विकायची, ठेवायची की पुढची घ्यायची, हे कसं ठरवायचं

घरात दोन-तीन स्पोर्ट्स कार झाल्या की प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, आणि मग लोक काय करतात तर रात्री बारा वाजता विक्रीच्या जाहिराती बघत बसतात. मी पण तेच केलंय, बरीच वर्षं केलंय. पण जाहिरात बघून निर्णय होत नाही, फक्त हाव वाढते. माझा साधा उपाय म्हणजे एक वही. तीन महिने लिहायची, आणि त्यात गाडी काढली ते नाही लिहायचं, गाडी काढायची होती पण काढली नाही, ते लिहायचं. आणि का नाही काढली ते एका ओळीत.

म्हणजे बघा, रविवारी सकाळी चावीच्या हुकसमोर उभे राहिलात, एका चावीला हात लावला आणि सोडून दुसरी उचलली, तर पहिली का सोडली? "उतारावर पुढचं घासतं." "तिथे पार्क करायची भीती वाटते." "क्लच जड, ट्रॅफिक असणार." "बॅटरी उतरलीय." "इंजिन गरम व्हायच्या आतच पोचतो, काय उपयोग." असं खरं खरं लिहा, वही कोणी बघणार नाहीये. तीन महिन्यांनी एकेका गाडीसमोर कारणं जमतात आणि मग कळतं की आपण ज्या गाडीवर प्रेम आहे असं सगळ्यांना सांगतो तीच गाडी आपण नव्वद दिवसांत सगळ्यात जास्त वेळा हुकवर सोडली.

आता त्या कारणांचे दोन ढीग करा. जे दुरुस्त होतं ते एकीकडे, जे गाडीच्या स्वभावातच आहे ते दुसरीकडे. माझी एक जुनी कूपे (बंद टपाची दोन दारी) मी जवळपास विकली होती, गिऱ्हाईक पण आलेलं, आणि वही चाळताना दिसलं की सात वेळा नुसतं "कंबर" लिहिलंय. इंजिनबद्दल तक्रार नाही, आवाजाबद्दल नाही, फक्त कंबर. आधीच्या मालकाने टाकलेली रेसिंग बकेट सीट काढून मूळची सीट बसवली, गाडी आजही माझ्याकडे आहे. दुसऱ्या एका गाडीचं उलट झालं, तिच्यासमोर सारखं "मजा यायला खूप स्पीड लागतो" असंच यायचं, आणि त्याला कुठलाच पार्ट मिळत नाही. ती गेली. बॅटरीचं कारण तर मी मोजतच नाही, महिना महिना उभी राहणाऱ्या गाडीला बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा आणि विषय संपवा, त्यासाठी गाडी विकणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

वहीनंतरचं काम म्हणजे कुठली गाडी कशासाठी आहे ते एका वाक्यात सांगायचं, आणि वाक्यात "पण" येता कामा नये. "सकाळी तासभर वळणाच्या रस्त्यावर." "दोघांनी सामान घेऊन पाचशे किलोमीटर." "ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस), ठोकली तरी झोप लागेल." दोन गाड्यांना एकच वाक्य लागत असेल तर त्यातली एक जास्तीची आहे, मग दोन्ही कितीही आवडोत. पोर्शेच्या ९११ आणि केमन एकाच घरात असतील तर हे हमखास होतं, दोन्हीकडे तोच स्टिअरिंगचा बाज, तीच बसायची पद्धत, फरक फक्त ९११ मध्ये मागे नावापुरत्या दोन सीट आणि मागच्या एक्सलच्या पलीकडे लटकलेलं इंजिन, आणि तो फरक तुम्हाला खरंच जाणवतो का हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. माझ्दाची एमएक्स-५ आणि टोयोटाची जीआर८६ यांचं पण तेच. याउलट ९११ च्या बाजूला लोटसची जुनी एलिस उभी असेल तर भांडणच नाही, १९९६ ची पहिली एलिस जेमतेम सव्वासातशे किलोची, पॉवर स्टिअरिंग नाही, आत-बाहेर करायला योगासनं, तिचं काम दुसरी कुठली गाडी करूच शकत नाही.

मग येतो पैशाचा भाग, आणि इथे सगळे स्वतःला फसवतात. विमा, टायर, सर्व्हिस, उतरलेली किंमत हे सगळं वर्षाचं एकत्र करा आणि त्या वर्षी चाललेल्या किलोमीटरने भागा. आकडा बघून धक्का बसेल, बसू दे. तो आकडा मोठा आहे म्हणून गाडी विकायची असं नाही (हौसेला मोल नसतं हे मलाही माहितीय), पण दोन गाड्यांत निवड करायची असेल तर तो लागतो. आणि एक गोष्ट लोक धरतच नाहीत, ती म्हणजे अजून न आलेलं बिल. टायरचंच घ्या. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून आपण खूश असतो आणि रबर मात्र लाकडासारखं झालेलं असतं, कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजून जातच नाहीत, वयाने जातात. ब्रेक फ्लुइडचं तसंच, किलोमीटर शून्य असले तरी दोनेक वर्षांत बदलायचं कारण ते हवेतली ओल ओढतं.

मोठ्या बिलांचं उदाहरण बघायचं तर फेरारीचे व्ही८ बघा. एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर इंजिन खाली काढावं लागतं. १९९९ ला आलेल्या ३६० मध्ये सीटमागचं पॅनल काढून आतून बेल्टपर्यंत हात जातो. एफ४३० मध्ये बेल्टच नाही, चेन आहे. तीन गाड्या, दिसायला एकाच घराण्यातल्या, आणि ठेवायचा खर्च तीन तऱ्हेचा. तर असं मोठं काम तोंडावर आलं असेल तर लोकांना वाटतं त्याच्या आधी गाडी काढून टाकावी, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारावी. मला हे पटत नाही, आणि चालतही नाही, कारण घेणारा शहाणा असेल तर तो त्या कामाचे पैसे कापून वर धोक्याचे वेगळे कापतो. ठेवायचीच असेल तर काम करून घ्या, विकायची ठरली असेल तर उघड सांगा आणि तेवढी किंमत कमी लावा. सगळ्यात वाईट म्हणजे तिसरा मार्ग, काम पण नाही, विक्री पण नाही, आणि गाडी कव्हरखाली.

कुठली विकू नये यावर मात्र माझं मत ठाम आहे. परत मिळेल का, एवढा एकच प्रश्न. आजही बनतेय, बाजारात ढिगाने आहे अशी गाडी बिनधास्त विका, चुकलं वाटलं तर दोन वर्षांनी दुसरी घ्या, कदाचित अजून चांगली मिळेल. पण होंडा एस२००० ही १९९९ ते २००९ पर्यंतच बनली, दोन लिटरचं विनाटर्बो इंजिन नऊ हजार आरपीएमपर्यंत जाणारं, आणि तसं नवं आता कोणी बनवेल असं मला तरी दिसत नाही. बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीची एम३ मॅन्युअलमध्ये, तीच गत. फेरारी ४५८ च्या जागी २०१५ ला ४८८ आली आणि टर्बो आला. ९११ मध्ये ९९७ पिढीनंतर ९९१ पिढी आली तेव्हा हायड्रॉलिक स्टिअरिंग गेलं आणि इलेक्ट्रिक आलं. शेव्हरलेची आठव्या पिढीची कॉर्व्हेट आली तीच मॅन्युअल गिअरबॉक्सशिवाय. प्रत्येक वेळी नवी गाडी जास्त वेगवान झाली हे खरं, पण काहीतरी मागे राहिलं, आणि ते मागे राहिलेलंच तुमच्या वहीतल्या मजेचं कारण असेल तर ती चावी हुकवरून हलवू नका.

फक्त "दुर्मिळ आहे" आणि "किंमत वाढेल" यांची गल्लत करू नका. किंमत वाढेल म्हणून ठेवलेली गाडी माणूस चालवत नाही, किलोमीटर वाढतील म्हणून जीव घाबरतो, आणि मग आपण पुढच्या मालकासाठी फुकटची राखण करत बसतो. असली गाडी मी सरळ विकायच्या यादीत टाकतो.

विकायचं ठरलं की घाई नको. आधी सगळे मूळ पार्ट शोधा, सायलेन्सर, व्हील, स्टिअरिंग, जे जे काढून माळ्यावर टाकलंय ते. मॉडिफिकेशनचे पैसे कोणी देत नाही, उलट मूळ पार्ट सोबत आहेत म्हटलं की बोलणी लगेच सोपी होतात. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा, दोन्ही चाव्या शोधा, थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ काढा, एक तुकडा, कट न करता. ओरखडे, चिप लागलेल्या जागा यांचे फोटो स्वतःहून टाका. मी हे करायला लागल्यापासून नुसते टाइमपास करणारे फोन कमी झाले आणि जो आला तो घ्यायच्या तयारीनेच आला.

आता पुढची गाडी. वही इथे पण लागते, कारण नवी गाडी घेताना आपण कागदावरचे आकडे घेतो आणि चालवताना मात्र आकडे चालवत नाही. शून्य ते शंभर किती सेकंदात, हे तुम्ही महिन्यातून किती वेळा करणार? त्यापेक्षा टेस्ट ड्राइव्हला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, साध्या रस्त्याच्या साध्या वेगाला ती तुमच्याशी बोलते का बघा. मोठ्या ताकदीच्या आधुनिक गाडीत दुसरा गिअर संपेपर्यंत कायदा मोडलेला असतो, आणि हजार-अकराशे किलोच्या एमएक्स-५ मध्ये तुम्ही तिन्ही गिअर पिळून काढता तरी कोणाचं लक्ष जात नाही. आणि दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह काही कामाची नाही, जमलं तर तेच मॉडेल दिवसभर भाड्याने घ्या, नाहीतर ट्रॅक डेला कोणा ओळखीच्याच्या शेजारी बसा. एकदा ट्रॅफिकमध्ये, एकदा पावसात, एकदा रात्री, शक्य तेवढं.

मॉडेल ठरलं की त्या मॉडेलचं दुखणं तोंडपाठ पाहिजे. उदाहरणार्थ ९११ ची ९९६ पिढी आणि पहिल्या टप्प्यातली ९९७, शिवाय त्याच काळातल्या बॉक्स्टर-केमन, यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं (क्रँकची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग असतं, ते गेलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. सगळ्यांचं जात नाही, पण घेताना ते बदललंय का, बिल आहे का हे विचारायचंच. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हणून क्लचच्या कामासोबतच करतात, फक्त २००६ ते २००८ च्या इंजिनांत बेअरिंग मोठं आहे आणि इंजिन फोडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. २००९ मॉडेलपासून इंजिनच नवं आलं, त्यात तो शाफ्ट नाही. आणि त्या पिढीच्या टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळंच इंजिन होतं, मेत्सगर म्हणतात ते, त्यांना हा त्रास नाही. ई४६ एम३ ला मागच्या सबफ्रेमपाशी (मागचं सस्पेंशन धरणाऱ्या चौकटीपाशी) फ्लोअरचा पत्रा तडकतो, लिफ्टवर घेऊन टॉर्च मारून बघायचं. त्यानंतरच्या व्ही८ एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं विचारायचं. असं प्रत्येक गाडीचं काही ना काही असतं, दुखणं असलेली गाडी वाईट नसते, दुखणं माहिती नसलेला मालक वाईट.

गाडी बघायला जाताना आधी सांगून ठेवा की इंजिन थंड पाहिजे. पोचल्यावर इंजिनच्या झाकणावर (पुढे असो की मागे) हात ठेवा, गरम लागलं तर विचारा का बरं. पेंटची जाडी मोजायचं मीटर बरोबर न्या, मूळ रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन दाखवतो, एखाद्या दारावर एकदम पाचशे-सहाशे आलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मॅन्युअल पोर्शे असेल तर कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हचा (इंजिन हद्दीबाहेर फिरल्याचा) रिपोर्ट काढून मागा, हा फार कामाचा. लिमिटर (इंजिनचे फेरे ठराविक हद्दीवर रोखणारी सोय) फक्त अ‍ॅक्सिलरेटरने इंजिन जास्त फिरण्यापासून वाचवतो, पण कोणी पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा टाकला तर चाकंच इंजिनला ओढून फिरवतात, तिथे लिमिटर काही करू शकत नाही, आणि ते किती वेळा, केव्हा झालं हे त्या रिपोर्टमध्ये टप्प्याटप्प्याने येतं. वरच्या टप्प्यांत नोंदी दिसल्या, त्याही अलीकडच्या तासांत, तर मी गाडी सोडून देतो. आणि तुम्हाला स्वतःला कितीही कळत असलं तरी त्या ब्रँडवर रोज काम करणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊन तपासणी करून घ्या, मालकाने सुचवलेल्या मेकॅनिककडून नाही, आपण शोधलेल्या. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतात का ते बघणाऱ्या) करायला मालक नको म्हणाला तर आभार मानून निघा.

क्रम मात्र एकच ठेवा, आधी विका मग घ्या. उलटं केलं की जुनी गाडी घाईत स्वस्तात जाते, किंवा जातच नाही आणि वहीत अजून एक गाडी वाढते, माझ्याकडे असं एकदा चार महिने झालं होतं आणि त्या चार महिन्यांत मी दोन्ही मिळून तीनदा चालवल्या. विकल्यावर जागा महिनाभर रिकामी ठेवा. त्या महिन्यात जी कमी जाणवते तीच पुढची गाडी. मागच्या वेळी मला वाटलेलं की मिड-इंजिनच (इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध) पाहिजे, तिच्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवलेले, आणि महिनाभर ज्याची आठवण येत राहिली ते म्हणजे टप काढून सकाळी सहा वाजता निघणं. मग यादीतून सगळे कूपे खोडले, फक्त उघड्या टपाच्या ठेवल्या, आणि आता त्यातल्या दोघींची तपासणी लावलीय.