घरी बनवलेल्या स्पीकरमध्ये ट्वीटरची पोलॅरिटी कशी ठरवावी

खोके तयार आहे, वूफर (खालच्या स्वरांचा मोठा ड्रायव्हर) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा ड्रायव्हर) बसवून झाले आहेत आणि क्रॉसओव्हरचे, म्हणजे आवाज या दोघांत वाटून देणाऱ्या सर्किटचे, सोल्डरिंगही पूर्ण आहे, असे येथे गृहीत धरले आहे. आता प्रश्न उरतो तो ट्वीटरच्या पोलॅरिटीचा, म्हणजे त्याच्या दोन तारांपैकी कोणती कोणत्या टर्मिनलला जोडायची याचा. ‘अधिकला अधिक आणि उण्याला उणे जोडा, संपले काम’ हा सल्ला सर्वत्र मिळतो, पण अनेक रचनांमध्ये तो सरळसरळ चुकीचा ठरतो. टर्मिनलवरचा लाल ठिपका किंवा रुंद पट्टी एवढेच सांगते की त्या बाजूने धन व्होल्टेज दिल्यास ट्वीटरचा घुमट बाहेर सरकेल. क्रॉसओव्हरच्या वारंवारितेला, म्हणजे जेथे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो तेथे, त्याचा आवाज वूफरच्या आवाजात मिळतो की त्याला खोडतो, हे त्या खुणेवरून कळत नाही.

प्रथम वूफरची दिशा पक्की करा: 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावा, आणि शंकू बाहेर आला तर सेलचे अधिक टोक ज्या टर्मिनलवर आहे ते अधिक. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये, कारण घुमटाची हालचाल डोळ्यांना दिसत नाही आणि ती दिसावी म्हणून मोठी बॅटरी लावणारे त्याची नाजूक व्हॉइस कॉइल (घुमट हलवणारे तारेचे वेटोळे) धोक्यात घालतात.

ट्वीटरच्या तारा कायमच्या जोडू नका. क्लिपने तात्पुरत्या लावा. वूफर मात्र शेवटपर्यंत जसा आहे तसाच राहू द्या.

खरी अडचण पुढच्या टप्प्यात आहे. मलाही सर्वाधिक झगडावे लागले ते येथेच, त्यामुळे यावर सविस्तर लिहितो. पुस्तकी नियम असा आहे की 12 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह उताराच्या (वारंवारिता दुप्पट किंवा निम्मी झाली की पातळी 12 डेसिबलने घटवणाऱ्या) क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि ट्वीटरच्या शाखांत फेजचा, म्हणजे लहरींच्या पुढे-मागे असण्याचा, 180 अंशांचा फरक पडतो, म्हणून ट्वीटर उलटा जोडावा. 24 डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली या प्रचलित क्रॉसओव्हर रचनेत हा फरक 360 अंशांचा होतो, म्हणून तो सुलटा जोडावा. नियम बरोबर आहे, पण तो ध्वनीच्या प्रत्यक्ष उताराला लागू होतो, क्रॉसओव्हरच्या पाटीवर किती कपॅसिटर आणि कॉइल आहेत यांच्या मोजदादीला नव्हे. ट्वीटरचा आवाज त्याच्या स्वतःच्या अनुनाद-वारंवारितेखाली आपोआप उतरतो आणि तो उतार क्रॉसओव्हरच्या उतारात मिसळतो. शिवाय सपाट फळीवर बसवलेल्या वूफरची व्हॉइस कॉइल बहुधा ट्वीटरच्या मागे असते. 3000 हर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी सुमारे 11.5 सेंटिमीटर असते, त्यामुळे केवळ 2.5 सेंटिमीटरचे अंतर जवळजवळ 80 अंशांची भर घालते. एवढी भर पडल्यावर नियमावरून काढलेले उत्तर बदलू शकते, म्हणून निर्णय मोजूनच घ्यावा.

त्यासाठी एकच स्पीकर चालू ठेवा, तो भिंतींपासून दूर आणा, टोनची बटणे मध्यावर ठेवा आणि सुमारे एक मीटर अंतरावर, ऐकताना कान ज्या उंचीवर असतील त्या उंचीवर माइक पक्का बसवा. मोजमापाचे सॉफ्टवेअर असल्यास स्वीप (खालून वर सरकत जाणारा स्वर) वाजवून माप घ्या. नसल्यास क्रॉसओव्हरच्या वारंवारितेभोवतीचा एक-तृतीयांश ऑक्टेव्हचा नॉइज (अरुंद पट्ट्यातील खरखर) वाजवून फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने पातळी नोंदवा. येथे फक्त फरक हवा असल्याने फोनचा माइक अचूक नसला तरी चालते. एकाच वारंवारितेचा शुद्ध टोन मात्र वापरू नका, कारण खोलीतील परावर्तनांमुळे माइक किंचित हलला तरी आकडा बदलतो. मग ॲम्प्लिफायर बंद करा, ट्वीटरच्या तारांची अदलाबदल करा आणि बाकी काहीही न हलवता पुन्हा मोजा.

ज्या जोडणीत क्रॉसओव्हरच्या जागी पातळीत खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा खळगा दिसतो, ती चुकीची. तिच्या विरुद्ध जोडणी ठेवायची. खळगा 20 डेसिबल किंवा त्याहून खोल असेल, तर योग्य जोडणीत वूफर आणि ट्वीटर उत्तम जुळलेले आहेत असे खुशाल समजावे. दोन्ही जोडण्यांत पातळी जवळपास सारखीच आली, तर फेजचा फरक 90 अंशांच्या आसपास आहे आणि तारा कितीही उलटसुलट केल्या तरी दोष जाणार नाही. तेव्हा क्रॉसओव्हरच बदलावा लागतो. माइक वर-खाली केल्यास वूफर आणि ट्वीटरपासूनच्या अंतरांतील फरक बदलतो आणि खळगाही सरकतो, म्हणून उभे राहून घेतलेले माप बसून ऐकणाऱ्याच्या कामाचे नाही.

‘गाणे लावा, ज्या जोडणीत आवाज जास्त खुला वाटेल ती ठेवा’ या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. कान ज्या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो, तेथेच बहुतेक द्विमार्गी (वूफर आणि ट्वीटर असे दोनच ड्रायव्हर असलेल्या) स्पीकरचा क्रॉसओव्हर येतो. तो पट्टा खचला की त्याच्या वरचा भाग आपोआप उठून येतो आणि त्या पोकळीलाच लोक खुलेपणा समजतात. गायकाचा आवाज मागे गेल्याचे बऱ्याच दिवसांनी लक्षात येते, तोवर खोके बंद झालेले असते.

मल्टिमीटरनेही हा निर्णय होत नाही. ट्वीटरच्या मार्गातील कपॅसिटर एकदिश प्रवाह अडवतो, त्यामुळे मीटरवर केवळ सामाईक तारेचे सातत्य दिसते. तेवढ्यापुरता तो जोडणी तपासायला उपयोगी आहे. ट्वीटर क्रॉसओव्हरशिवाय थेट ॲम्प्लिफायरला मात्र कधीही लावू नका.

दुसरा स्पीकर पहिल्याचे पाहून जोडू नका. तोही स्वतंत्र मोजा, कारण कारखान्यातून आलेली खूण एखाद्या नगावर उलटी असू शकते. दोन्हींची मापे जुळली की तारा सोल्डर करा आणि कोणत्या रंगाची तार कोणत्या टर्मिनलवर आहे ते खोक्याच्या आत लिहून ठेवा.