'मेन' फंक्शनशिवाय सी प्रोग्राम कसा चालवावा

सी शिकताना पहिल्याच धड्यात सांगितले जाते की प्रोग्राम 'मेन'पासून सुरू होतो. लिनक्सचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मात्र 'मेन' हे नाव ओळखतही नाही. एक्झिक्युटेबल फाइलच्या ईएलएफ (लिनक्सवरील अशा फाइलींचा ठरलेला साचा) हेडरमध्ये प्रवेशबिंदूचा जो पत्ता लिहिलेला असतो, तेवढाच त्याला ठाऊक असतो. ६४ बिटच्या फाइलमध्ये हे हेडर ६४ बाइटचे असून हा पत्ता २४ व्या ऑफसेटवर, ८ बाइटमध्ये साठवलेला असतो आणि 'रीडएल्फ' या साधनाने तो वाचता येतो. सहसा तो '_स्टार्ट' या लेबलचा असतो. हे लेबल असलेली छोटी ऑब्जेक्ट फाइल जीसीसी हा कंपायलर लिंकिंगच्या वेळी (तुकडे जोडून एक फाइल बनवताना) आपण न सांगताच जोडतो. '_स्टार्ट' स्टॅकवरून आर्ग्युमेंट्स उचलून सी लायब्ररीकडे सोपवते. लायब्ररी आपली तयारी करून 'मेन'ला बोलावते आणि 'मेन'ने परत केलेली किंमत 'एक्झिट'ला देते. 'मेन' वगळणे म्हणजे ही कामे स्वतःकडे घेणे होय. (मॅक्रो वापरून 'मेन' हे नाव लपवण्याची युक्ती येथे धरलेली नाही, कारण प्रीप्रोसेसरचे काम संपताच ते फंक्शन जागच्या जागी असते.)

एक्स८६-६४ लिनक्सवर हा प्रयोग करण्यासाठी सी फाइलमध्ये काहीही परत न करणारे '_स्टार्ट' हे फंक्शन लिहावे, त्याच्या शेवटी प्रोग्राम तिथेच संपवणाऱ्या '_एक्झिट'ला ४२ ही संख्या द्यावी आणि जीसीसीला '-नोस्टार्टफाइल्स' हा पर्याय देऊन कंपाइल करावे. हा पर्याय विसरल्यास लिंकर एकाच वेळी दोन तक्रारी करतो: '_स्टार्ट' दोनदा आढळले आणि 'मेन' सापडले नाही. प्रोग्राम चालवून झाल्यावर शेलमध्ये एक्झिट कोड पाहावा. तो ४२ दिसला म्हणजे प्रयोग साधला. फंक्शनला दुसरे नाव द्यायचे असल्यास लिंकरच्या '-ई' पर्यायाने ते कळवता येते.

'_एक्झिट' गाळून फंक्शन सरळ परतू दिले, तर प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने (मनाई असलेल्या पत्त्याला हात लावल्याच्या चुकीने) कोसळतो. '_स्टार्ट'ला कोणीही 'कॉल' केलेले नसल्यामुळे स्टॅकच्या माथ्यावर परतीचा पत्ता नसतोच; तेथे आर्ग्युमेंट्सची संख्या असते, आणि प्रोसेसर ती संख्याच, म्हणजे बहुधा १, पत्ता समजून तेथे उडी मारतो.

याहून फसवी अडचण स्टॅकच्या अलाइनमेंटची, म्हणजे त्याचा पत्ता ठरावीक संख्येच्या पटीत असण्याची, आहे. प्रवेशाच्या वेळी स्टॅक पॉइंटर १६ च्या पटीत असतो. कंपायलर मात्र असे धरून चालतो की फंक्शनमध्ये शिरताना परतीच्या पत्त्याचे ८ बाइट स्टॅकवर आधीच चढलेले आहेत. या ८ बाइटच्या तफावतीमुळे साधा कोड निमूटपणे चालतो आणि एसएसई सूचना (एकाच वेळी अनेक संख्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) वापरणारे एखादे लायब्ररी फंक्शन वरवर कोणतेही कारण नसताना कोसळते. 'फोर्स_अलाइन_आर्ग_पॉइंटर' हे अ‍ॅट्रिब्यूट '_स्टार्ट'ला लावल्यास ही तफावत मिटते. आर्ग्युमेंट्सही हवी असल्यास दोन-चार ओळींचे असेंब्ली लिहून तेथून सी फंक्शनला बोलावणे, हा माझ्या मते अधिक स्वच्छ मार्ग आहे.

'प्रिंटएफ'बाबतही सावध राहावे. '_एक्झिट' बफर रिकामा करत नाही, त्यामुळे टर्मिनलवर दिसणारा मजकूर पाइपमध्ये पाठवताच नाहीसा होतो. त्याऐवजी 'एक्झिट' वापरावे किंवा आधी 'एफफ्लश' करावे. स्टॅटिक लिंकिंगमध्ये (लायब्ररीचा कोड फाइलमध्येच जोडताना) तर ग्लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीची सुरुवातीची तयारीच झालेली नसते, म्हणून तेथे 'प्रिंटएफ'वर विसंबू नये. एक्झिक्युटेबलमधील कन्स्ट्रक्टर फंक्शन्सही (एरवी 'मेन'च्या आधी चालणारी) आपोआप चालणार नाहीत.

लायब्ररी पूर्णपणे टाळायची असल्यास '-नोस्टडलिब' आणि '-स्टॅटिक' हे पर्याय द्यावेत व इनलाइन असेंब्लीतून कर्नलला थेट विनंती करावी. विनंतीचा क्रमांक आरएएक्स या रजिस्टरमध्ये आणि पहिली तीन आर्ग्युमेंट्स अनुक्रमे आरडीआय, आरएसआय व आरडीएक्समध्ये ठेवून 'सिसकॉल' ही सूचना द्यायची; 'राइट'चा क्रमांक १ आणि 'एक्झिट'चा ६० आहे. ३२ बिटच्या जुन्या पद्धतीत हेच क्रमांक ४ आणि १ असल्याने जुन्या उदाहरणांतून ते जसेच्या तसे उचलू नयेत. 'सिसकॉल' आरसीएक्स आणि आर११ ही रजिस्टरे पुसून टाकते, ही गोष्ट क्लॉबर यादीत (असेंब्ली कोणती रजिस्टरे बदलते हे कंपायलरला सांगणाऱ्या यादीत) नोंदवली नाही तर ऑप्टिमायझेशन चालू करताच चुका उद्भवू शकतात.

अशा प्रोग्रामचा दोष शोधताना जीडीबी या डीबगरमध्ये 'मेन'वर ब्रेकपॉइंट लावता येत नाही. 'स्टार्टआय' ही आज्ञा द्यावी, म्हणजे पहिल्याच सूचनेवर थांबता येते. स्टॅटिक फाइलमध्ये ती सूचना आपल्या '_स्टार्ट'ची असते, तर डायनॅमिक फाइलमध्ये डायनॅमिक लिंकरची (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रामची), कारण कर्नल तेथे नियंत्रण प्रथम त्याच्याकडे देते.