रॅम वाढवता न येणारा महागडा लॅपटॉप घ्यावा का? सांगलीत खरेदीआधी असं तपासा

इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले की सांगलीत घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. बारीक, हलकी, लाखाच्या पुढची मॉडेल्स मुलांना आवडतात. पण त्यातल्या बहुतेकांची रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य बोर्डवर, सोल्डर केलेली असते. म्हणजे ती पक्की, नंतर काढता-वाढवता न येणारी. मॅकबुकसारख्यांत तर फायली साठवणारी एसएसडीसुद्धा. माझं मत स्पष्ट आहे: पुरेशी रॅम पहिल्याच दिवशी घेणार असाल तरच एवढे पैसे घाला.

१. काय पक्कं आहे ते बघा. विंडोज लॅपटॉप असेल तर दुकानातच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम पक्की. शिवाय कंपनीच्या साइटवर नेमका मॉडेल नंबर टाकून खात्री करा, कारण काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम पक्की आणि जोडीला एक स्लॉट मोकळा असतो. विक्रेत्याच्या तोंडी ‘नंतर वाढवून देऊ’वर जाऊ नका.

सोल्डर करण्यात सगळीच लबाडी नसते. एलपीडीडीआर प्रकारची रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवली की कमी विजेत जास्त वेगाने चालते आणि बॅटरी टिकते.

२. शेवटच्या वर्षाचा विचार करून रॅम ठरवा. आज ८ जीबीवर भागतंय म्हणून तेवढीच घेऊ नका. अॅपलनेही २०२४ मध्ये मॅकबुकची सुरुवात १६ जीबीवर नेली. कोडिंग, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग असेल तर १६ ही किमान धरा. परवडत असेल तर ३२.

३. वर्षाला किती पडतो ते काढा. समजा लॅपटॉप १,१०,००० चा, पुढे बॅटरीचे १५,०००. आठ वर्षं चालला तर वर्षाला सुमारे १५,६००. दुसरा ६०,००० चा, रॅम, एसएसडी, बॅटरीवर आणखी १२,०००. पाच वर्षं चालला तर वर्षाला १४,४००. फार फरक नाही. पण पहिलाच रॅम अपुरी पडून पाचव्या वर्षी बदलावा लागला, तर बॅटरी न बदलताही वर्षाला २२,००० पडले! म्हणून दुसरी पायरी सोडू नका.

४. दुरुस्ती कुठे होणार ते विचारा. रॅमची एक चिप गेली तरी बहुधा अख्खा बोर्ड बदलतात. तुमच्या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती मिळते की लॅपटॉप पुण्याला पाठवावा लागतो, हे बिल करण्याआधी विचारा. वाढीव वॉरंटी घ्या, आणि पाणी सांडल्याचं नुकसान त्यात धरलंय का ते वाचा.

५. बॅकअप पहिल्या आठवड्यातच सुरू करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं होतं. सुटी एसएसडी भिजलेल्या लॅपटॉपमधून काढून दुसरीकडे वाचून बघता तरी येते. पक्की असेल तर बोर्डाबरोबर प्रोजेक्ट, फोटो सगळंच अडकतं. एक्स्टर्नल ड्राइव्हवर एक प्रत आणि क्लाउडवर एक ठेवा, आणि ती ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.