बडोद्यात ‘हरवलेला’ कागद शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

‘दोनशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित सापडलं’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठल्या यादीतून निसटलं होतं? दप्तरातला कागद बहुतेक वेळा असतो जिथल्या तिथेच. फक्त चुकीच्या सालाखाली नोंदलेला असतो, भलत्याच रुमालात बांधलेला असतो, नाहीतर साहेब मायदेशी जाताना घेऊन गेलेला असतो. इतिहासात एम.ए. करून या कामाला लागणाऱ्यांनी आधी एका पानावर लिहून काढावं: हा कागद कुणी लिहिला, नकला किती झाल्या, कुठे कुठे गेल्या.

अलेक्झांडर वॉकरचंच घ्या. १८०२ साली तो बडोद्याला रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी म्हणून आला. १८०५ चा गायकवाड-कंपनी तह आणि १८०७ चा काठेवाडच्या खंडणीचा बंदोबस्त त्याच्याच कारकिर्दीतला. त्याचे खासगी कागद आज एडिंबरोला, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्याने इकडे जमवलेल्या पोथ्या ऑक्सफर्डच्या बोडलियनमध्ये. म्हणजे बडोद्यात बसून ‘वॉकरचे कागद गेले कुठे’ म्हणणाऱ्याला ते हरवलेले वाटतात, पण एडिंबरोच्या यादीत ते व्यवस्थित लावलेले आहेत.

कंपनीच्या कारभाराची एक सवय आपल्या पथ्यावर पडते: नकला. रेसिडेंटचं पत्र मुंबईला गेलं की कौन्सिलपुढे वाचलं जाई, डायरीत उतरवलं जाई आणि त्याची नकल जहाजाने लंडनला जाई. त्यामुळे इथली प्रत वाळवीने खाल्ली असली तरी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी हे दोन दरवाजे उघडे असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. फक्त आजच्या स्पेलिंगने शोधाल तर हाती धुपाटणं. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला, त्यावर ढीगभर पत्रव्यवहार आहे. पण त्या काळचे गोरे कारकून ‘गंगाधर’मधल्या ‘अ’साठी यू लिहीत आणि ‘शास्त्री’ला शेवटी दोन ई लावत. चार-पाच स्पेलिंगं करून बघायचीच.

आता मोडी. बडोद्यातल्या मराठी घरांमधल्या मुलांना इथे फायदा आहे, कारण भाषा घरची असते आणि लिपी सरावाने येते. खरी मेख तारखेत आहे. पत्रावर ‘सलास अशर मयातैन व अलफ’ असं अरबी शब्दांत साल येतं, म्हणजे १२१३. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवायचे, की जून १८१२ ते जून १८१३ हे वर्ष निघतं, कारण तो मृगाला बदलतो. महिने मुसलमानी असल्यामुळे कुणी तो हिजरी धरला तर तोच कागद १७९८-९९ मध्ये जाऊन बसतो. तब्बल चौदा वर्षं मागे! मग १८१२ च्या रुमालात शोधणाऱ्याला तो जन्मात सापडायचा नाही. यादीत १७९८ आणि मजकुरात गादीवर आनंदराव गायकवाड असतील तर पाणी मुरतंय हे ओळखा; आनंदराव गादीवर आले ते १८०० साली.

इंग्रजी कागद असेल तर परवानगी घेऊन तो खिडकीच्या उजेडासमोर धरा. कागदाच्या पोटात कारखान्याचं नाव आणि पुष्कळदा साल दिसतं, कारण १७९४ नंतर निर्यातीच्या कागदावर साल घातलं तर इंग्लंडमध्ये जकातीत सूट मिळे. पत्रावर १८०५ आणि पोटात १८०९ निघालं, तर तुमच्या हातात नंतर केलेली नकल आहे. शाईही बघा. बोरूची काजळीची शाई अजून काळीभोर असते. साहेबाची लोहयुक्त शाई तपकिरी पडते, आणि जिथे टाक दाबून ओढलाय तिथे अक्षराच्या जागी भोक. असं पान उलटताना खालून दोन्ही तळहातांचा आधार द्या.

पोटापाण्याचं विचाराल तर कायमच्या जागा मोजक्याच. लिप्यंतराचं काम पानावर पैसे घेऊन मिळतं, प्रकल्पांवर सूचीकार लागतात. मोडी, इंग्रजी आणि कामचलाऊ गुजराती अशा तिन्ही येत असतील तर बडोद्यात रिकामे बसणार नाही. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. विभागप्रमुखांचं पत्र आधीच घेऊन ठेवा, नाहीतर पहिला दिवस शिक्क्यापायी जातो.

आणि काही सापडलंच, तर पेढे वाटण्याआधी बडोदे संस्थानाने १९३४ पासून छापलेले निवडक कागदांचे खंड काढून बघा. ‘अप्रकाशित’ म्हणून मिरवलेलं पत्र तिथे तळटीपेसकट छापलेलं निघतं, आणि परीक्षक नेमका तोच खंड वाचून आलेला असतो.