वर्किंग मेमरीचा एमआरआय अभ्यास : चाचणी मराठीत कशी बांधावी

वर्किंग मेमरी (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) वापरली जात असताना प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या कपाळामागील भागात, काय घडते, हे फंक्शनल एमआरआयने (मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या स्कॅनने) पाहू इच्छिणाऱ्या नागपुरातील विद्यार्थ्यांनी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळताच सर्वाधिक वेळ चाचणीच्या रचनेला द्यावा.

वेन किर्चनर यांनी १९५८ साली मांडलेली एन-बॅक ही चाचणी यासाठी रूढ आहे. पडद्यावर एकेक अक्षर येते आणि ते दोन अक्षरांपूर्वीच्या अक्षराशी जुळले की बटण दाबायचे, हा झाला टू-बॅक. मराठी सहभागींसाठी मराठी अक्षरेच घ्यावीत, पण पारखून. अक्षरे आपण मनात उच्चारून लक्षात ठेवतो, त्यामुळे ब-भ, द-ध अशा जवळच्या उच्चारांच्या जोड्या एकत्र आल्यास गोंधळ होतो. घ आणि ध तर दिसायलाही सारखे. क, म, ल लागोपाठ आले, तर सहभागी ‘कमल’ हा एकच शब्द लक्षात ठेवतो आणि जो भार मोजायचा, तोच हलका होतो. म्हणून संपूर्ण क्रम आधी मोठ्याने वाचून पाहावा.

तुलनेसाठी झीरो-बॅक ठेवावा, ज्यात ‘ट’सारखे ठरलेले अक्षर दिसताच बटण दाबायचे असते. पाहणे आणि बोट हलवणे दोन्हींत समान असल्याने टू-बॅकच्या सक्रियतेतून झीरो-बॅकची वजा केल्यावर मुख्यतः स्मृतीचे काम उरते. नुसत्या विश्रांतीशी केलेली तुलना मला अपुरी वाटते. प्रत्येक टप्पा सुमारे ३० सेकंदांचा असावा, कारण यंत्र रक्तातील प्राणवायूशी निगडित बदल टिपते आणि तो साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो.

कॅफिनमुळे मेंदूतील रक्तप्रवाह घटतो, त्यामुळे तर्री-पोह्यांनंतरच्या चहाबाबत सर्वांना एकच नियम लावावा. मंगळसूत्र, जोडवी, केसांतील आणि साडीच्या पिना काढल्याची खात्री तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. चाचणीचा सराव यंत्राबाहेरच पूर्ण करावा.

भार वाढतो तशी डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल (प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या वरच्या-बाहेरच्या) भागातील सक्रियता साधारणपणे वाढते, पण तो झेपेनासा झाला की ती कमीही होऊ शकते. चाचणी सोपी गेलेला आणि मध्येच प्रयत्न सोडलेला, या दोघांची चित्रे सारखी दिसू शकतात. त्यामुळे प्रत्येकाची अचूकता आणि प्रतिसादाचा वेळ तपासल्याशिवाय चित्राचा अर्थ लावू नये.