घरातल्या महागड्या क्रीडासाहित्याचा विमा कसा काढावा, सांभाळ कसा करावा

घराचा विमा आहे म्हणजे मुलाची इंग्लिश विलोची बॅट किंवा पाऊण लाखाची सायकल चोरीला गेली तरी पैसे मिळतील, असं अनेकजण धरून चालतात. पॉलिसी उघडून बघा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी द्यावीच लागते. तिच्यात आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप येतात. चोरी मात्र अशी आपत्ती घडल्यावर ७ दिवसांच्या आत झाली तरच धरतात. एरवीच्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

आधी यादी करा. माळ्यावरचं, पलंगाखालचं सगळं बाहेर काढा आणि प्रत्येक वस्तूचे फोटो घ्या. सायकलचा फ्रेम नंबर बहुतेक वेळा पॅडलच्या जोडाखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून फडकं मारलं की दिसतो. तो जवळून टिपा. दुकानातलं छापील बिल बऱ्याचदा थर्मल कागदावर असतं, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ते पांढरंफटक पडतं. त्याचाही फोटो काढून स्वतःलाच मेल करा. वस्तू जुनी घेतली असेल तर यूपीआयची नोंद आणि विकणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी जपा.

मग आजच्या भावानं बेरीज करा. 'भारत गृह रक्षा'मध्ये इमारतीचा विमा असेल तर त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. इमारत ३० लाखांची, तर सामान ६ लाखांचं. फ्रिज, टीव्ही, कपाटं त्यातच आली. उरलेल्यात किट बसत नसेल तर रक्कम वाढवून घ्या. भाडेकरूंना नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो.

एजंट 'सगळं कव्हर आहे हो' म्हणाला तरी पुढचे प्रश्न लेखी विचारा. सायकल पार्किंगमध्ये असली तर चालेल का? पार्क स्टेडियमवर सरावाला किंवा बाहेरगावी स्पर्धेला नेलेलं किट धरणार का? (त्यासाठी बहुधा 'ऑल रिस्क' म्हणजे घराबाहेरही वस्तूला संरक्षण देणारी पॉलिसी लागते.) घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं? खेळताना बॅट मोडली, वाळवी लागली, वस्तू झिजली, तर सहसा काही मिळत नाही. आणखी एक, शहराच्या पूर्व भागात घरातच यंत्रमाग असतात, कुणी घरूनच कोचिंग चालवतं. हे अर्जात लपवू नका. राहत्या घराची पॉलिसी धंद्याच्या मालासाठी नसते, आणि लपवलेलं निघालं की दावा तिथेच अडतो. किट सुताच्या गाठोड्यांपासून लांबच ठेवा.

आता कुलपाकडे या. घरफोडीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा 'बळजबरीनं प्रवेश' ही अट असते. कडी-कोयंडा उचकटल्याची खूण दिसली पाहिजे. कुंडीखालच्या चावीनं चोर सरळ आत आला तर खूण कुठून दाखवणार? म्हणून चावी सोबत न्या, दाराला चांगलं इंटरलॉक बसवा, मागच्या दाराची कडी मजबूत करा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळं घर संध्याकाळभर बाहेर असतं, तेव्हा तर हे हवंच.

पत्र्याच्या खोलीत बॅट ठेवू नका. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की लाकूड वाळून चिरतं. कच्च्या जवस तेलाचा पातळ हात मारा, स्टिकर सोडून. किट जमिनीवर न ठेवता रॅकवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलं तर वाळवी लगेच नजरेस पडते. सखल गल्लीत पावसाचं पाणी शिरलं तरी हाच रॅक कामाला येतो.

चोरी झालीच तर कशालाही हात न लावता पोलिसांना बोलवा, गुन्हा नोंदवा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. कंपनीला त्याच दिवशी कळवा. पंचनामा आणि सर्व्हेअरची (नुकसान तपासायला येणाऱ्याची) पाहणी होईपर्यंत तुटलेला कोयंडा बदलू नका. रात्र काढायला दुसरं कुलूप वेगळ्या कडीला लावा. तपास लागला नाही तर कंपनी पोलिसांची 'ए समरी' (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा अहवाल) मागू शकते, त्यासाठी पोलीस ठाण्यात पाठपुरावा करावा लागेल.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.