खांबावरची पेटी आधी बघा

गोव्यातल्या साखळीला माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणजे घराचीच पुढची खोली. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि एकेका लग्नाचे वीस-वीस जीबी फोटो बेळगावच्या अल्बमवाल्याकडे पाठवायचे असतात. जुन्या तांब्याच्या तारेवर इंटरनेटचा अपलोड जेमतेम 1 एमबीपीएस मिळायचा. हिशेब करा: 20 जीबी म्हणजे 1,60,000 मेगाबिट, म्हणजे सलग 44 तास. मध्ये वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. दोन हंगाम मी चक्क पेनड्राइव्ह पाकिटात घालून चोर्ल्याच्या घाटाने जाणाऱ्या बसमधून धाडला. बस जास्त वेगवान होती, हे सांगायला लाज वाटते.

आता घरात फायबर आहे, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं इंटरनेट. ती येईपर्यंत जे काही शिकलो ते लिहितो, कारण महिन्याला दोघे-तिघे तरी दुकानात येऊन तेच विचारतात: आमच्याकडे फायबर कशी येईल?

पहिली गोष्ट, साइटवरच्या हिरव्या बरोबरच्या खुणेवर विसंबू नका. मी एका कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला, 403505. ‘अभिनंदन, आपल्या भागात सेवा उपलब्ध.’ पैसे भरले. चार दिवसांनी माणूस आला, अंगणात उभा राहून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “हांगा लायन ना, बाब. फुडल्या म्हयन्यांत येतली.” तो पुढचा महिना अजून उजाडायचाय. पैसे परत मिळायला सहा आठवडे आणि अकरा फोन लागले. चूक माझीही होतीच. एका पिनकोडात साखळीचा बाजार येतो आणि आमच्यासारखे कारापूरच्या बाजूचे वाडेही येतात. बाजारात लाइन असली तरी साइट सगळ्यांनाच हो म्हणते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे नकाशावर घराची नेमकी जागा दाखवायला सांगणारं पोर्टल. बीएसएनएलचं ‘बुक माय फायबर’ तसं आहे. तिथे मागणी नोंदवून ठेवायला पैसे पडत नाहीत, तेव्हा नोंदवून ठेवाच.

खरी तपासणी पायी होते. सकाळी उन्हाचा कडका वाढण्याआधी घराबाहेर पडा आणि मान वर करून खांबामागून खांब बघत चला. लोक हसतील, हसू द्या. तुम्हाला शोधायचीय ती शाळेच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, काळी किंवा करडी प्लास्टिकची पेटी. तिच्या खालच्या बाजूने चपट्या, बारीक काळ्या तारा निघून घरांकडे गेलेल्या असतात आणि जवळच जादा केबलचं गोल वेटोळं टांगलेलं असतं. टीव्हीची जुनी केबल गोल आणि जाड असते, तिची गल्लत करू नका. पेटीवर कंपनीचं नाव किंवा स्टिकर असतं. फोटो काढा, खांबावर नंबर असेल तर तोही टिपा. मग तिथून घरापर्यंतचे खांब मोजा. दोन खांबांत साधारण 30 ते 40 मीटर धरले की केबल किती लागेल याचा अंदाज येतो. माझ्या घरापासून पेटी सात खांबांवर निघाली, तीसुद्धा दुसऱ्याच कंपनीची, जिचं नाव मी ऐकलंही नव्हतं.

मग ज्या घरात त्या पेटीतून तार गेलीय तिथे जा. दार वाजवा, आपण कुठले ते सांगा, चहा आला तर घ्या. विचारायचं एवढंच: रात्री नऊ वाजता कसं चालतं, पावसाळ्यात किती दिवस बंद होतं आणि बंद पडल्यावर माणूस किती दिवसांनी येतो. वेगाचा आकडा विचारण्यात अर्थ नाही, तो सगळे प्लॅनवरचाच सांगतात.

इथे एक गोम आहे. पेटी असली म्हणजे जागा असतेच असं नाही. एका पेटीत आठ किंवा सोळा जोडण्या मावतात. त्या भरल्या की लाइनमन सरळ ‘पोर्ट ना’ म्हणून मोकळा होतो. आमच्या वाड्यावर असंच झालं. तेव्हा एकट्याने भांडत बसण्यापेक्षा आम्ही सहा घरांनी मिळून एका कागदावर नावं, फोन आणि घरांचा कच्चा नकाशा काढून दिला. एका घरासाठी सात खांब ओढायला कुणी येत नाही, सहा घरांसाठी येतात. तीन आठवड्यांत आमच्या कोपऱ्यावर नवी पेटी लागली.

पंचायतीतही एकदा विचारून या. भारतनेटची योजना 2011 पासून चालू आहे, तिच्यातून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेतात. पण पंचायतीच्या कचेरीत फायबर पोचली म्हणजे तुमच्या दारात पोचली असं नव्हे. मधला तुकडा कुणीतरी ओढावाच लागतो. तो कोण ओढतो, ते तिथला कारकून सांगू शकतो. आणखी एक प्रश्न कंपनीला विचाराच: वीज खात्याच्या खांबांवरून केबल न्यायची परवानगी घेतली आहे ना? नसेल तर एके दिवशी खात्याची माणसं येऊन कापून टाकतील आणि तुमचं वर्षाचं भाडं लटकेल. म्हणून पहिल्यांदा वर्षाचा प्लॅन घेऊच नका, सूट कितीही गोड दिसो. महिन्याचा घ्या. जाहिरातीतल्या 499 वर 18 टक्के जीएसटी धरून 589 होतात, हेही लक्षात असू द्या.

फायबर कुठूनच येत नसेल तर 5जी वर चालणारी एअरफायबर आहे. एअरटेल आणि जिओ दोघांनीही ती 2023 मध्ये आणली. ती घेण्याआधी 5जीचा मोबाइल घेऊन गच्चीवर किंवा कौलांच्या वळचणीशी चारही बाजूंना फिरून सिग्नल बघा. आणि टॉवरच्या दिशेला फणस-माड असतील तर जरा थांबा. माझ्या मेहुण्याकडे मे महिन्यात झकास चालायची, जुलैत पानं भिजून जड झाली आणि संध्याकाळी वेग निम्म्यावर आला.

आता ज्यांच्याकडे फायबर आहे, पण रडतखडत चालते, त्यांच्यासाठी. मोठा प्लॅन घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. मी तसं केलं नाही आणि चार महिने 200 एमबीपीएसचे पैसे भरून 90 वापरले. लॅपटॉप वायफायवरून काढून थेट केबलने राउटरला जोडा आणि वेग मोजा. वायफायवरचा वेग मोजायला ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड अ‍ॅप फोनवर आहेच. केबलने मोजल्यावर आकडा 90-95 वर अडकत असेल तर दोष लाइनचा नाही. राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट 100 एमबीपीएसचं आहे, किंवा केबलमध्ये आठऐवजी चारच तारा जोडल्यात. माझी केबल चार तारांची होती. दीडशे रुपयांचं काम.

केबलने वेग पूर्ण आणि आतल्या खोलीत रखडत असेल तर तो आपल्या चिऱ्याच्या भिंतींचा प्रताप. 5 गीगाहर्ट्‌झचं वायफाय वेगवान खरं, पण जाड चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडताना त्याचा जीव जातो, 2.4 वालं हळू, पण पोचतं. राउटर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातून काढून मधल्या दाराच्या चौकटीजवळ, डोक्याच्या उंचीवर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर आतपर्यंत केबल ओढून दुसरा राउटर लावा.

केबलनेही वेग नसेल, तर लाइनमनला बोलवा आणि पॉवर मीटर, म्हणजे तारेतून पोचणाऱ्या उजेडाची ताकद मोजायचं यंत्र, लावून बघितल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. आमच्याकडे आलेल्या पोराने हिरवं टोक काढून मीटरला लावलं: उणे 27.6. पेटीपाशी उणे 19 होतं. हा आकडा उणे 25 च्या आत असला तर निश्चिंत राहा. उणे 27 च्या पलीकडे गेला की लाइन कधीही पडते आणि राउटरवर एलओएसचा, म्हणजे उजेड पोचत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकू लागतो. मग त्याने पेनासारखी छोटी बॅटरी टोकाला लावली. खोलीत दिवा नव्हता. पिवळ्या तारेतून लाल उजेड पळत गेला आणि खिडकीच्या बिजागरीपाशी तार निखाऱ्यासारखी लाल दिसली. खिडकी मिटताना रोज ती तिथे चेंगरत होती. काच आहे ती आतली. वाकवली की उजेड वाटेतच सांडतो. त्याने नवी तार टाकली, आकडा उणे 20 वर आला, आणि मी मोठा प्लॅन घेतला होता तो पुन्हा लहान केला. आता अपलोडच 50 मिळतो. लग्नाचे 20 जीबी तासाभरात बेळगावला.

तक्रार करायची वेळ आली तर तोंडी सांगून उपयोग नाही. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागा, तारखेसह वहीत लिहा. दाद लागली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.

वीज हा आपल्याकडचा कायमचा विषय. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला लावला की दोन-तीन तास निघतात. मात्र गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढायचा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, सॉकेटमधून येते.

आणि जूनच्या आधी तार घरात शिरते ती जागा बाहेरून बघा. भोकात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ हवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. माझ्याकडे झोळ नव्हता. मृगाच्या पहिल्या सरीत पाणी तारेवरून सरसर आत आलं आणि राउटरखाली ठेवलेला अल्बम भिजून फुगला. नशीब, गिऱ्हाइकाचा नव्हता. आमच्याच लग्नाचा होता.